डनलिनचे पंचेचाळीस टक्के

बोट विकायचा निर्णय आमच्याकडे एकमताने झाला. म्हणजे माझ्या आणि डॉक्टरच्या. डेस्मंड तेव्हा दोन्ही गुडघ्यांवर बर्फाच्या पिशव्या ठेवून बसला होता, आणि गुडघे ज्याचे त्याला मत द्यायचा अधिकार नाही, हे मी आधीच ठरवून टाकलं होतं.

डेस्मंड माझा नवरा. सत्तरी उलटली तरी हिवाळाभर कालव्यावरून कोळसा विकत फिरायचा. काठाला बांधलेल्या बोटींत राहणाऱ्यांना थंडीत कोळसा कोण पोचवणार, असं त्याचं म्हणणं. त्यातल्या निम्म्या लोकांकडे मोटारी आहेत आणि कोळसा पेट्रोलपंपावर मिळतो, हे त्याला सांगून उपयोग नव्हता. पंचवीस किलोची पोती उचलायची. वाटेत लॉक आलं, म्हणजे कालव्याची ती पाण्याची पायरी आली, की काठावर उडी मारायची, ओकच्या लाकडाचं अजस्र दार पाठीने रेटायचं, पाणी भरून बोट वर चढली की पुन्हा उडी मारून बोटीवर. आमच्या फेरीत अशी एकवीस लॉक होती. डॉक्टरने गुडघ्यांचा फोटो उजेडात धरून बराच वेळ पाहिला आणि म्हणाला, "मिस्टर पेनफोल्ड, अजून एक हिवाळा असा काढलात, तर पुढचे सगळे खुर्चीतून काढाल."

डेस्मंडने रात्रभर विचार केला आणि सकाळी टोस्टवर लोणी लावता लावता अटी सांगितल्या.

"तीस सप्टेंबरपर्यंत गेली तर गेली. नाही गेली तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. आणि चहाचं दुकान थाटणाऱ्याला मी ती देणार नाही, हेस्टर. कामाची बोट आहे. कामच करेल."

ती जूनची पहिली तारीख होती. मी एकतीस वर्षं पाण्याच्या तपासणीच्या प्रयोगशाळेत काढली आहेत. चार महिन्यांत काय होत नाही, असं मला वाटलं. नीट नोंदी ठेवल्या की सगळं होतं, असंही वाटलं. या दुसऱ्या समजुतीनेच सगळा घोळ केला.

बोटीचं नाव डनलिन. बावीस मीटर लांब, दोन मीटरपेक्षा थोडी जास्त रुंद, पोलादी, १९३६ सालची. मागे चिमुकली खोली आणि इंजीन, पुढे कोळशाची मोकळी जागा. अकरा वर्षांपूर्वी ती घेतली तेव्हा विकणाऱ्याने "१९३६" असं सांगितलं, कागदावरही तेच होतं, आणि मी पहिल्यांदाच एखादी गोष्ट न मोजता मान्य केली. मी तेव्हा सुट्टीवर होते, एवढंच माझं समर्थन.

जाहिरात मी साधी दिली. 'डनलिन, १९३६, मूळ स्थितीत, चालू.' शेजारच्या धक्क्यावर नेव्ह राहतो. त्याची स्वतःची बोट सहा वर्षं बुडू नये म्हणून पंप लावून ठेवलेली आहे, त्यामुळे बोटींविषयी सल्ला द्यायला त्याच्याइतका वेळ कोणाला नाही. तो जाहिरात वाचून हळहळला.

"असं कोण लिहितं, बाई? जरा भावनेला हात घाला! लिहा की, आमच्या काळजाचा तुकडा आहे."

"तुकडा नाही, पूर्ण आहे," मी म्हणाले. पुढे काय वाढून ठेवलं होतं ते पाहता हे वाक्य मी परत घेते.

आठव्या दिवशी एक पत्र आलं. पत्र, पाकिटातून, शाईने लिहिलेलं. जुन्या मालवाहू बोटींची नोंदवही ठेवणारं एक मंडळ आहे. त्याचे नोंदणीप्रमुख ऑब्रे टिंडल. हे गृहस्थ आयुष्यभर बोटींवरचे रिवेट मोजत आले आहेत. पोलादाचे पत्रे जोडणाऱ्या या गोल डोक्याच्या खिळ्यांवरून ते बोटीचं कूळ सांगतात. पत्रात एकच प्रश्न होता: 'आपण नेमकी कोणती डनलिन विकत आहात? माझ्या नोंदीप्रमाणे डनलिन हेन्शमला श्री. लॉइड गार्मस्टन यांच्याकडे आहे आणि सुखरूप आहे.'

मी पत्र दोनदा वाचलं. मग खिडकीतून बाहेर पाहिलं. डनलिन जागच्या जागी होती. तिच्या टपावर डेस्मंड कुंडीतल्या शेवंतीला पाणी घालत होता.

"डेस, आपली बोट हेन्शमला आहे म्हणतात."

"बरं झालं," तो म्हणाला. "मग विकायला नको."

दुसरा कोणी असता तर टिंडलना फोन करून भांडला असता. मी बोट कोरड्या गोदीत नेली, पाणी काढून टाकलं, गुडघ्यांखाली उशी घेतली आणि रिवेट मोजले. या कामाला अडीच दिवस लागले. मागच्या दहा मीटरांत दोन हजार सहाशे चौदा. पुढच्या बारा मीटरांत अकराशे नव्वद. हा फरक मला खटकला, म्हणून मी दोन रिवेटांमधलं अंतर मोजायला सुरुवात केली. मागच्या भागात सत्तेचाळीस मिलिमीटर, बावन्न, एकोणपन्नास, पुन्हा सत्तेचाळीस. पुढच्या भागात पन्नास, पन्नास, पन्नास, पन्नास.

हातोडी चालवणारा माणूस असा वागत नाही. माणूस थकतो, जेवायला जातो, परत येतो. मी हातोडीने एक पन्नासवाला ठोकून पाहिला. त्याचं डोकं निखळून माझ्या चहाच्या कपात पडलं. मागे दांडा नव्हताच. कोणीतरी झाळ मारून जोडलेल्या पत्र्यावर शोभेची डोकी चिकटवली होती, टिकल्यांसारखी.

मग टिंडलना पत्र लिहून विचारलं, तेव्हा कळलं ते असं. हिशोबी मालकांनी साठ-सत्तरच्या सुमारास लांब बोटी मधोमध कापल्या. एकाची मागची बाजू, एकाची पुढची. प्रत्येकाने आपल्या तुकड्याला नवं उरलेलं अंग जोडून घेतलं. आमची डनलिन मागे १९३६ ची होती आणि पुढे १९७१ ची. मूळ पुढची बाजू हेन्शमला गार्मस्टन नावाच्या माणसाकडे होती, तिला मागे नवं शेपूट होतं, आणि तिचंही नाव डनलिन होतं.

प्रामाणिक माणसाने काय करावं? मी जाहिरात दुरुस्त केली. 'डनलिनचा मागचा ४५.५ टक्के भाग, १९३६, त्यास जोडलेला पुढचा ५४.५ टक्के भाग, १९७१. रिवेटांचा तक्ता मागणीनुसार.'

नेव्हने डोक्याला हात लावला. "बाई, अहो, लोक खोटं बोलून विकतात! तुम्ही खरं बोलून काय मिळवणार?"

फोन मात्र पुष्कळ आले. एका बाईंनी विचारलं, पंचेचाळीस टक्के बोट पाण्यावर तरंगते का. एका गृहस्थांना फक्त इंजीन हवं होतं. एक तरुण जोडपं प्रत्यक्ष आलं, पुढच्या मोकळ्या जागेत उभं राहून हात पसरून बोललं, "इथे टेबलं, इथे केक, आणि इथे दिव्यांच्या माळा!" डेस्मंडने पोतं खांद्यावर घेतलं आणि त्या दोघांच्या मधून असा काही गेला, की मुलीचा पांढरा कोट करडा झाला. मग तो तिथेच गुडघा धरून बसला. त्या आठवड्यात मी त्याच्याशी मोजकंच बोलले.

दरम्यान मी कालव्याच्या कचेरीला मालकी बदलाचा अर्ज भरून ठेवला होता, म्हणजे गिऱ्हाईक आलं की वेळ जायला नको. त्या अर्जात 'बांधणीचं वर्ष' या शब्दांपुढे एकच रकाना आहे. एकच. माझ्याकडे दोन वर्षं होती. आता शास्त्र शिकलेल्या कोणत्याही व्यक्तीने जे केलं असतं तेच मी केलं. लांबीच्या प्रमाणात सरासरी काढली. एक हजार नऊशे पंचावन्न पूर्णांक एक.

कचेरीतून फोन आला. आवाज तरुण आणि सौम्य होता.

"मॅडम, पूर्णांक एक म्हणजे काय?"

"साधारण पाच आठवडे," मी सांगितलं.

"आमचं मशीन दशांश घेत नाही. मी १९५५ टाकलं. पण मग ते म्हणतंय की तुमच्या बोटीचा कारखाना १९३९ सालीच बंद झाला. तेव्हा ही बोट बांधली गेलेली नाही."

"ती इथे आहे. मी खिडकीतून पाहतेय."

"हो मॅडम, पण आमच्याकडे नाहीये. आणि त्याच नावाची दुसरी एक आहे, ती मात्र आहे."

मी फोन ठेवला आणि बराच वेळ ओट्याशी उभी राहिले. प्रयोगशाळेत माझ्या हाताखाली असे नमुने येत, की ज्यांत पाणी सोडून सगळं असे. पण त्यांच्या बाटलीवर निदान एक चिठ्ठी असे.

ऑगस्टच्या शेवटी लॉइड गार्मस्टन स्वतः आला. धिप्पाड, लाल चेहऱ्याचा, पन्नाशीचा माणूस. हातात आमची जाहिरात. दार उघडताच म्हणाला, "माझ्या बोटीचं नाव चोरून विकताय होय?"

"आत या," मी म्हणाले. "साखर किती?"

"दोन," तो रागाने म्हणाला, आणि बसला.

त्याचं म्हणणं, बोटीचं पुढचं टोक म्हणजे बोट. पाणी कापतं ते टोक. डेस्मंडचं म्हणणं, इंजीन आणि सुकाणू मागे, तेव्हा मागचा भाग म्हणजे बोट. पुढचा म्हणजे नुसता डबा. ज्या नवऱ्याला बोट विकायचीच नव्हती तो तिच्यासाठी दोन तास भांडला. शेवटी दोघांनी टिंडलना बोलवायचं ठरवलं, आणि टिंडल आले ते एडा मावशींना घेऊनच.

एडा लॅपेज सत्त्याऐंशी वर्षांच्या. आमच्या काठावर सगळेच त्यांना मावशी म्हणतात. त्यांचा जन्म मालवाहू बोटीवर झाला, आणि ती बोट डनलिन होती. टिंडल त्यांच्याशी देवळात बोलावं तसं हळू बोलत.

"मावशी, तुम्हीच सांगा. खरी डनलिन कोणती? तुमचं लहानपण जिथे गेलं ती मागची खोली? की पुढचा भाग?"

मावशींनी बिस्किट चहात बुडवलं. "मागच्या खोलीत आम्ही सहा जण झोपायचो. कपाटात दोन. ओल इतकी की चादर पिळायची. पुढे कोळसा. कोळशावर ताडपत्री असायची हो, आमच्यावर नव्हती."

"म्हणजे जिव्हाळा मागच्या भागाशी," टिंडल वहीत लिहू लागले.

"जिव्हाळा कसला डोंबलाचा! सरकारी घर मिळालं, नळ सोडला आणि गरम पाणी आलं, तेव्हा आई तिथेच भिंतीला टेकून रडली. तुम्ही शहाणी शिकलेली माणसं या डब्यांसाठी भांडता." मग त्या गार्मस्टनकडे वळल्या. "आणि तू रे? तुझ्याकडे काय आहे?"

"पुढचा भाग, मावशी."

"पुढून दोनदा बुडाली होती ती. बघ, ठिगळ असेल."

"आहे!" गार्मस्टनचा चेहरा उजळला. "डाव्या बाजूला, खाली!"

"आणि मागच्या खोलीच्या दारावर आतून माझ्या भावाने चाकूने घोडा कोरलाय. आहे?"

"आहे," डेस्मंड म्हणाला. "मला तो कुत्रा वाटायचा."

"मग झालं तर. दोन्ही तीच."

टिंडलनी पेन खाली ठेवलं. चाळीस वर्षांत त्यांच्या नोंदवहीत असं काही आलं नव्हतं. त्यांनी निकाल दिला तो असा: वाद मिटेपर्यंत नाव स्थगित. दोन्ही बोटींचं. म्हणजे सप्टेंबर उजाडला तेव्हा मी एक अशी बोट विकत होते, जी कचेरीच्या मते बांधली गेली नव्हती, मंडळाच्या मते तिला नाव नव्हतं, आणि माझ्या स्वतःच्या तक्त्याप्रमाणे ती बहुतांशी दुसरीच होती. डेस्मंड शीळ घालू लागला होता. हिवाळ्यासाठी शंभर पोती कोळसा सांगून ठेवू का, असं त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं. जिना उतरताना मात्र तो एका बाजूने, कठड्याला धरून, एकेक पायरी उतरत होता, आणि माझं लक्ष नाही असं त्याला वाटत होतं.

त्या रात्री मी गार्मस्टनला रिवेटांचा तक्ता पाठवला. बाकी काही लिहिलं नाही. फक्त शेवटच्या ओळीखाली रेघ मारली: 'कापलेल्या कडेपाशी, उजवीकडे, अर्धा रिवेट.'

अठ्ठावीस सप्टेंबरला त्याचा फोन आला.

"बाई, दुसरा अर्धा माझ्याकडे आहे."

"अंतर?"

"सत्तेचाळीस, बावन्न, एकोणपन्नास. तुमची ओळ संपते तिथून माझी सुरू होते." मग म्हणाला, "मी घेतो. जोडतो दोन्ही. आणि कोळसाच भरीन, पेनफोल्डसाहेबांना सांगा. अख्खी झाल्यावर वीस टन उचलेल ती."

मी फोन डेस्मंडच्या हातात दिला. चहाचं दुकान नव्हतं. बोट काम करणार होती. तारीख दोन दिवसांनी होती. त्याने तिन्ही गोष्टी मनाशी मोजलेल्या मला दिसल्या. मग तो म्हणाला, "इंजीन थंडीत सुरू करताना आधी तिच्याशी दोन शब्द बोला. लगेच चावी फिरवू नका." आणि फोन माझ्याकडे देऊन बाहेर शेवंतीला पाणी घालायला गेला. त्या दिवशी पाऊस पडत होता.

विक्रीचा कागद मी लिहिला. एकदा जाहिरातीत चुकले होते, पुन्हा चुकायचं नव्हतं. जे डनलिन आहे तेच मी डनलिन म्हणून विकू शकत होते. म्हणून लिहिलं: 'सदर बोटीचा जेवढा भाग १९३६ सालचा, तेवढाच विकत आहे.' गार्मस्टनने सही केली. टिंडल साक्षीदार. एकोणतीस तारखेला बोट हेन्शमच्या बोटदुरुस्तीच्या कारखान्याकडे गेली. मी त्या रात्री शांत झोपले. अचूक कागदासारखी झोपेची गोळी नाही.

ऑक्टोबरच्या मध्यावर फोन वाजला.

"बाई," गार्मस्टन म्हणाला, "तुमचं बारा मीटर इथे पडलंय. केव्हा नेताय?"

"माझं?"

"कागदावर तसंच आहे ना. १९३६ चं माझं. बाकीचं तुमचं. आमचा वकील म्हणतो, असा स्वच्छ कागद त्याने आयुष्यात पाहिला नाही."

आम्ही बसने हेन्शमला गेलो. कारखान्याच्या आवारात चार तुकडे होते. डनलिनचे दोन एकमेकांना लावून ठेवलेले, मधल्या सांध्यावर अजून झाळ ताजी. टिंडल तिथे गुडघ्यांवर बसून त्या अर्ध्या-अर्ध्या रिवेटाकडे पाहत होते आणि त्यांना रुमालाची गरज होती. पलीकडे गवतात आमचा बारा मीटरचा पुढचा भाग, शोभेच्या डोक्यांसकट. त्याच्या शेजारी गार्मस्टनने कापून टाकलेलं पाच मीटरचं नवं शेपूट, छोट्या इंजिनासह.

"हेही घेऊन जा," गार्मस्टन म्हणाला. "मला आता काय करायचंय? बरं आहे तसं. आत न्हाणीघर आहे. टब आहे."

डेस्मंडने गवतातल्या दोन तुकड्यांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. त्याची ती नजर मी अकरा वर्षांपूर्वी एकदा पाहिली होती.

"नाही," मी म्हणाले.

"मी काही बोललो का?"

"लॉक, डेस. पोती. गुडघे."

"हेस्टर," तो अगदी शांतपणे म्हणाला, "हेन्शमपासून दोन्हीकडे मिळून अकरा मैल एकही लॉक नाही. सपाट पाणी. आणि पोती कसली घेऊन बसलीस? टब आहे म्हणतोय तो."

मी कारखान्याच्या भिंतीवरचा कालव्याचा नकाशा बघायला गेले. मोजलं. अकरा पूर्णांक दोन मैल. मग आत जाऊन टबही मोजला. डेस्मंड पाय सरळ पसरून त्यात मावत होता. डॉक्टरने गरम पाण्यात रोज वीस मिनिटं सांगितली होती, आणि आमच्या घरी फक्त शॉवर आहे.

डिसेंबरमध्ये ते दोन तुकडे जोडून झालेली सतरा मीटरची बोट पाण्यात उतरली. तिला नाव नव्हतं, इतिहास नव्हता, आणि तिच्याविषयी कोणाला काही म्हणायचं नव्हतं. नेव्ह एकदा मुद्दाम बघायला आला, दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. डेस्मंड आतल्या टबात गुडघे बुडवून बसतो आणि सुकाणू माझ्या हातात असतं. मी इतकी निश्चिंत कधी नव्हते.

मार्चमध्ये काठावरून कोणीतरी हाक मारली. ऑब्रे टिंडल होते. हातात चिमुकली हातोडी. त्यांनी परवानगी मागितली, पुढच्या भागावर दोन-तीन ठिकाणी टकटक केलं, कान लावला, आणि चष्मा पुसला.

"मिसेस पेनफोल्ड, हा भाग १९७१ चा. म्हणजे पन्नास वर्षं केव्हाच उलटली. मंडळाच्या नियमाने पन्नासनंतर बोट ऐतिहासिक. आणि चिकटवलेल्या रिवेटांचं इतकं लवकरचं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. ही नोंदवहीत यायलाच हवी." त्यांनी घडी केलेला अर्ज माझ्यापुढे धरला. "तेवढं बांधणीचं वर्ष भरा."

एकच रकाना होता. मागचा भाग कधीचा ते मला ठाऊक होतं, लांबी दोन्हींची ठाऊक होती, आणि पेन्सिल कानामागे होती. आतून पाण्याचा चुबुक आवाज आला. "कोण आहे गं?" डेस्मंडने विचारलं.

मी सुकाणू गुडघ्याने धरलं, पेन्सिल घेतली, आणि रकान्यात नीट अक्षरात लिहिलं: माहीत नाही.